घाबरट माणसाने निवडलेले बूट

कुडतरकर माणसाची ओळख पायापासून करून घ्यायचे. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या केमिकल प्लांटमध्ये माझा तो पहिला दिवस होता. गेटवर पास दाखवून आत आलो, तर एक ठेंगणा, सावळा, पन्नाशी उलटलेला माणूस माझ्यापुढे उकिडवा बसला आणि माझ्या सेफ्टी शूजची टोकं अंगठ्याने दाबून बघायला लागला. मान वर न करताच त्याने विचारलं, "पुण्याचे का?"

"हो. कसं ओळखलंत?"

"यादीत आडनाव वाचलं. बूट एक नंबर लहान आहेत. बदलून मिळेपर्यंत कंट्रोल रूमच्या बाहेर पडू नका."

ते वसंत कुडतरकर, प्लांटचे सेफ्टी इन्चार्ज. मूळचे मालवणजवळचे. वीस-बावीस वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढून सिंगापूरला किनाऱ्यावर आलेले. सेरंगूनला फ्लॅट, घरी सुनंदाकाकू आणि एकुलती एक मुलगी मीरा. ऑफिसात ते सगळ्यांचे 'मिस्टर के' होते, आम्हा मराठी लोकांचे कुडतरकर काका. आणि पाठीमागे बोलताना, चिनी सहकाऱ्यांचे 'कियासी'. कियासी म्हणजे मरणाला भिणारा.

हे नाव त्यांना कळलं होतं आणि त्यांना ते मान्य होतं. "बरोबर आहे त्यांचं," ते मला म्हणाले होते. "मी भितोच. न भिणारे पुष्कळ जण माझ्या ओळखीचे होते. आता नाहीत."

भीती त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. कंपनीच्या बसमध्ये ते नेहमी इमर्जन्सी खिडकीशेजारी बसत आणि बसल्याबरोबर तिथली काच फोडायची हातोडी जागेवर आहे ना, हे हात लावून बघत. हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलो की ट्रे हातात धरून आम्ही उभे, आणि काका गॅसच्या सिलिंडरांपासून लांबचं टेबल शोधत फिरताहेत. तोवर नूडल्स गार व्हायच्या. पण या सगळ्याची त्यांना लाज नव्हती. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "घाबरायचं ते आधी. नंतर वेळ नसतो."

एकदा त्यांनी कॉस्टिकच्या, म्हणजे कातडी जाळणाऱ्या रसायनाच्या, लाइनखालचं काम सुरू होण्याआधीच थांबवलं. कारण एवढंच, की मुरुगेसन नावाच्या फिटरच्या बुटाचा तळ टाचेजवळ उकलला होता. सुपरवायझर वैतागला. "अर्ध्या तासाचं काम आहे," तो म्हणाला. काकांनी कामाच्या परमिटवर सही केली नाही. मुरुगेसन बूट बदलायला स्टोअरमध्ये गेला, आणि तो तिथे असतानाच वरच्या पाइपचा जोड गळायला लागला. ज्या जागी तो उभा राहणार होता, तिथे कॉस्टिकचं थारोळं साचलं. सुपरवायझर काकांचे आभार मानायला त्यांना शोधत आला. काका टॉयलेटमध्ये ओकत होते. बाहेर आल्यावर तोंड पुसत मला म्हणाले, "आज तळ दिसला. दिसला नसता तर?" पुढचे दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

अशा माणसाची मुलगी मोटरसायकल चालवायची.

मीरा तेव्हा चोवीस वर्षांची होती. लहानाची मोठी सिंगापुरात झालेली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं आणि शेवटी 'लाह' लागायचं. आमचा सात-आठ जणांचा मोटरसायकलवाल्यांचा गट होता. शनिवारी पहाटे निघून आम्ही मलेशियात जाऊन यायचो. मीरा त्यात होती, मीही होतो. बर्फात गाडी चालवायची कल्पना माझी. २०१५च्या सुमारास मी जपानमधल्या होक्काइडोच्या स्नो बाइकचे फोटो पाहिले होते. साध्या मोटरसायकलचं पुढचं चाक काढून तिथे स्की लावतात, आणि मागच्या चाकाच्या जागी रणगाड्याला असतो तसा रबरी पट्टा. कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फातून ती गाडी होडीसारखी जाते. गटातले बाकीचे एकेक करून गळले. उरलो मी आणि मीरा.

मीराने घरी सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी काका कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसले.

"मीरा म्हणाली, तू तिला बर्फात नेतोयस."

"काका, गाईड असतो बरोबर. सगळं..."

"मी तिला अडवणार नाही. अडवून ती थांबायची नाही. मी घाबरलोय, एवढंच तुला सांगायला आलो. तू पायात काय घालणार आहेस?"

मी फोनवर माझ्या मोटोक्रॉसच्या बुटांचा फोटो दाखवला. कडक प्लास्टिकचे, नडगीवर पत्रा, चार बकलांचे. मीराने ऑनलाइन पाहून ठेवलेले मऊ, लोकरीचे बर्फाचे बूटही त्यांना दाखवले. काकांनी दोन्ही फोटो बराच वेळ निरखले.

"तुझ्या बुटात हाड वाचेल, पण पाय गारठेल. तिच्या बुटात पाय गरम राहील आणि गाडी पडली की हाड मोडेल. आणि दोन्हींत पाणी शिरेल." त्यांनी फोन परत दिला. "बूट मी बघतो. तोवर तिकिटं काढू नकोस."

पुढचे दोन महिने त्यांनी बुटांचा ध्यास घेतला. सिंगापुरात हिवाळी कपडे विकणारी दुकानं आहेत, परदेशी सहलीला जाणाऱ्यांसाठी. ती सगळी त्यांनी पालथी घातली. बुटात हात घालून अस्तर चाचपत, शिवणी नखाने उचकटून बघत, तळवा दोन्ही हातांनी पिळत. विक्रेती पोरगी म्हणे, "अंकल, हे वॉटरप्रूफ आहेत." काका विचारत, "किती वेळ?" ती लेबल उलटसुलट करून बघे.

शेवटी त्यांनी कॅनडाहून दोन जोड मागवले, खास स्नो बाइकसाठी बनवलेले. बाहेरून कडक कवच, घोटा आणि नडगी झाकणारं. आत काढता येणारा जाड अस्तराचा मोजा. गुडघ्याखाली आवळायचा पट्टा, म्हणजे वरून बर्फ आत जायला नको. आवळायला नाडीऐवजी एक गोल चकती, हातमोजे घातलेल्या हातानेही फिरवता येईल अशी. पार्सल आलं त्या रविवारी त्यांनी मला सेरंगूनला बोलावलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्यांच्या ब्लॉकच्या कारपार्कमध्ये मीरा ते गुडघ्यापर्यंतचे बूट घालून तिच्या मोटरसायकलवर बसलेली, आणि काका शेजारी उकिडवे.

"गिअर टाक."

"Baba, my toe cannot go under, lah."

बुटाचं टोक इतकं जाड होतं की गिअरच्या दांडीखाली शिरेना. बाजारातून येणारी एक चिनी आजी पिशव्या खाली ठेवून बघत उभी राहिली. काकांनी टेपने ती फट मोजली, होक्काइडोच्या गाईडला ईमेल पाठवली, आणि त्याच्या गाड्यांची गिअरची दांडी वर घेता येते असं उत्तर आल्यावरच त्यांनी बूट ठेवून घेतले.

तरी त्यांचं समाधान नव्हतं. काकांचा लिम नावाचा जहाजावरचा एक जुना दोस्त जुरोंगला मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मॅनेजर होता. आत शून्याखाली वीस. एका दुपारी काका आम्हा दोघांना तिथे घेऊन गेले. आत शिरण्यापूर्वी त्यांनी लिमला दार आतून उघडून दाखवायला लावलं, पाच वेळा. मीरा हसत होती. मग आम्ही तिघं गोठलेल्या कोळंबीच्या खोक्यांमध्ये उभे राहिलो. चाळीस मिनिटं. काका घड्याळ धरून.

दहाएक मिनिटांनी मी मीराला म्हणालो, "थंडी वाजत असेल तर वरून आणखी एक मोज्याची जोडी घाल."

"नाही," काका इतक्या मोठ्याने बोलले की खोक्यांवरून आवाज परत आला. त्यांचा चेहरा उतरला होता. ते एका खोक्यावर बसले आणि आमच्याकडे न बघता सांगायला लागले.

बाल्टिक समुद्रातलं एक बंदर. डेकवर बर्फ साचलेला. पावसकर नावाचा रत्नागिरीकडचा एक वयस्क फिटर त्यांच्या जहाजावर होता. दोर बांधण्याच्या कामाला तो वर गेला आणि पायावर लाट आली. बूट भिजले. काकांनी आपले कोरडे बूट त्याला काढून दिले. ते पावसकरला एक नंबर लहान होते. वर काकांनीच आग्रह केला, दोन मोजे घाल, गरम राहशील. पावसकरने कोंबून घातले. चार तास तो डेकवर होता. पाय दुखायचे थांबले तेव्हा त्याला बरं वाटलं.

"आवळलेल्या पायात रक्त फिरत नाही," काका म्हणाले. "दुखायचं थांबलं ते बोटं मेली म्हणून. तीन बोटं कापली. मी चांगल्या मनाने बूट दिले होते."

मीराचं हसणं थांबलं होतं. "मोजा एकच," काका तिला म्हणाले. "लोकरीचा. आत बोटं हलली पाहिजेत. आणि गार वाटत असेल तोवर घाबरू नकोस. वाटायचं बंद झालं की घाबर."

बाहेर आल्यावर त्यांनी तिथेच जमिनीवर बसून तिचे बूट काढले आणि हाताच्या मागच्या बाजूने तिचं एकेक बोट तपासलं. चोवीस वर्षांची मुलगी, गोदामाचे कामगार बघताहेत, पण तिने दुसरा पाय स्वतःहून पुढे केला.

तिकिटं तीन काढली. काका म्हणाले, "मी गाडी चालवणार नाही. पण सिंगापुरात बसून राहिलो तर मरेन."

होक्काइडोत गाईडचं नाव इवाता होतं. साठीचा, काटक, कमी बोलणारा. तो पुढे स्नोमोबिलवर, त्याच्या मागे त्याची कंबर धरून बसलेले काका, मग मी, मग मीरा. पहिला दिवस उघड्या उतारावर गेला. पडलो, उठलो, खूप हसलो. संध्याकाळी काकांनी दोन्ही जोडांतली अस्तरं काढून, शेकोटीपासून हातभर लांब, दोरीवर वाळत घातली आणि दर थोड्या वेळाने उठून चाचपत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जंगलात शिरलो. इवाताने दोनदा बजावलं होतं, माझ्या मागावरूनच या. तासभर मी तसाच चाललो. मग उजव्या हाताला झाडांच्या मधे एक पसरट खळगा दिसला. वर एकही रेघ नसलेला बर्फ. मला मोह झाला. मी गाडी वळवली, खळगा ओलांडला आणि पलीकडून पुन्हा इवाताच्या मागावर आलो. फार तर दहा सेकंद.

मागून येणारा मीराच्या इंजिनाचा आवाज बंद पडला.

वळून बघितलं तर मीरा नव्हती. गाडी नव्हती. खळग्याच्या मधोमध माझ्याच गाडीची रेघ जात होती आणि त्या रेघेवर एक काळं भोक होतं. त्यातून पाण्याचा आवाज येत होता. बर्फाखाली ओढा होता. माझ्या वजनाने वरचा थर कच्चा झाला आणि मीराच्या वजनाने खचला.

मी धावलो तर कमरेपर्यंत रुतलो. इवाता ओरडला, थांब, कडा तुटेल. त्याने दोराचं एक टोक आपल्या कमरेला बांधलं, झाडाला वळसा देऊन दुसरं माझ्या हातात दिलं आणि तो पोटावर सरकत भोकाशी गेला. खाली पुरुषभर खोलीवर गाडी आडवी पडली होती, आणि मीराचा डावा पाय गाडीखाली, वाहत्या पाण्यात. पाय ठेवायची लोखंडी खुंटी तिच्या नडगीवर टेकलेली. तिचं तोंड पांढरंफटक होतं. ती ओरडतही नव्हती. तिचा तो चेहरा मला अजून स्वप्नात दिसतो.

इवाता फावड्याने गाडीभोवतीचा बर्फ उकरणार होता, पण तोवर गाडीचा भार कुणीतरी तोलून धरायला हवा होता. मी उतरायला निघालो. काकांनी माझ्या छातीवर हात ठेवून मला मागे सारलं. "दोर सोडू नको," म्हणाले आणि कुणी काही बोलायच्या आत घसरत खाली गेले. गुडघ्यापर्यंत पाण्यात. त्यांनी खांदा गाडीखाली घातला.

त्यांचा आवाज थरथरत होता. पाय मात्र जागचे हलले नाहीत. आणि घाबरलेले काका मालवणी बोलायला लागले, जी मी त्यांच्या तोंडून फारशी ऐकली नव्हती.

"मीरा, माका सांग. अंगठो हालता?"

"I don't know, Baba."

"माहीत नाय म्हणा नको. हालव आणि सांग."

इवाताचं फावडं चालत राहिलं.

"हालता," मीरा म्हणाली.

"दुखता?"

"दुखता, बाबा. खूप दुखता."

"दुखूंदे. बरां आसा. आता दुसरां बोट."

अर्धा तास हे चाललं असेल. पाणी तिच्या बुटाच्या काठाला चार बोटं कमी होतं, मग हळूहळू वरून झिरपायला लागलं. काका एकेक बोट विचारत होते आणि ती उत्तर देत होती. दोर माझ्या मुठीत होता आणि मी मनातल्या मनात तिच्या प्रत्येक उत्तराची वाट बघत होतो. एकदा तिने उत्तर द्यायला उशीर केला. तेवढ्या वेळात मी तिच्या आईला काय सांगायचं याचं वाक्य जुळवायला लागलो होतो.

शेवटी गाडी उचकटली. इवाताने आणि मी मीराला ओढून वर घेतलं, मग काकांना. काकांनी जॅकेटची चेन उघडली. आत पोटाशी, बनियनच्या वर, त्यांनी कोरडा लोकरी मोजा आणि बुटाचं जादाचं अस्तर बांधून ठेवलं होतं, सकाळपासून. ते गरम होतं. त्यांनी तिचा बूट उतरवला, पाय आपल्या पोटावर दाबून कोरडा केला, मोजा चढवला. बुटाच्या नडगीवरच्या कवचाला अंगठा बसेल एवढा खोल पोचा पडला होता.

गावातल्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, घोट्याच्या हाडाला बारीक चीर आहे, बोटं शाबूत आहेत. मीराला आत नेलं. काका कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होते आणि प्रत्येक पावलाला फरशीवर पाणी उमटत होतं.

"काका, तुमचे बूट."

त्यांनी खाली बघितलं, जणू ते पाय दुसऱ्याच कुणाचे होते. जादाचं अस्तर त्यांनी एकच आणलं होतं, मीराच्या मापाचं. नर्सने बूट काढले तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती. ती बोटं वाचली, पण त्यांत पुढे कधी काही जाणवलं नाही. सुनंदाकाकूंना हे सांगायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं.

बाकावर पाय चादरीत गुंडाळून ते बसले होते. मी शेजारी बसलो.

"काका, ती माझ्या मागावरून आली."

"माहीत आहे. मी मागे वळून बघत होतो. तू वळलास तेव्हा ओरडलो. हेल्मेटात कुणाला ऐकू जातं."

काकांनी पायांवरची चादर सारखी केली.

"पावसकरने मला कधी दोष दिला नाही," ते म्हणाले. "दर दिवाळीला फोन करायचा. गोड बोलायचा. एकदा जरी म्हणाला असता की वसंता, चूक तुझी होती, तर मी सुटलो असतो. तो गेला, राहिलं ते राहिलंच." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "शिरीष, चूक तुझी होती. माझी मुलगी मेली असती."

"हो, काका."

"झालं. मी बोललो, तू ऐकलंस. आता हा विषय आपण पुन्हा काढायचा नाही."

मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो अजून गार होता.

तो विषय त्यांनी खरंच पुन्हा काढला नाही. बसमध्ये हातोडी चाचपणं, लांबचं टेबल शोधणं, सगळं होतं तसं सुरू झालं. चार-पाच महिन्यांनी मीरा पुन्हा मोटरसायकलवर बसली. त्यावरून सुनंदाकाकू माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. काकांनी फक्त तिच्या बुटांची टोकं अंगठ्याने दाबून बघितली.

पुढच्या वर्षी माझी बदली मुंबईला झाली. निघायच्या आदल्या आठवड्यात मी ड्रायव्हिंग सेंटरमध्ये एका कागदावर शिक्का घ्यायला गेलो होतो. सकाळची वेळ. जाळीच्या कुंपणापलीकडे मोटरसायकल शिकणाऱ्यांची रांग होती, सगळी विशीतली पोरं, अंगावर नंबराचं जॅकेट. तिथे जमिनीपासून जराशी उंच, लांब, अरुंद फळी असते. तोल न जाऊ देता तिच्यावरून गाडी न्यायची. रांगेत चौथा नंबर ठेंगणा, सावळा होता.

हाक मारायचा विचार आला, पण मी थांबलो. काका दचकले असते.

पहिल्यांदा गाडी फळीवर चढताच खाली उतरली. दुसऱ्यांदा मध्यावर. "अंकल, खाली बघू नका, लांब बघा लाह," इन्स्ट्रक्टर ओरडला. काकांनी मान हलवली. हेल्मेटच्या आत त्यांचं तोंड उघडं होतं, ते मला कुंपणाबाहेरूनही दिसत होतं. तिसऱ्या वेळी गाडी चढली, डुगडुगली, सरळ झाली आणि त्या अख्ख्या फळीवरून, माणूस चालेल त्याहून हळू, पलीकडे उतरली. मागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकांना त्या ऐकू आल्या असाव्यात असं वाटलं नाही. ते तसेच वळसा घालून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले आणि पुन्हा त्या फळीकडे बघायला लागले.